कर्जत–खालापुरांतील प्रतिकार व आपली साधनदृष्टि

कर्जत तालुक्याचा इतिहास लिहूं पाहणारास पहिली अडचण पडते ती ग्रंथ उघडण्यापूर्वींच. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत हा तालुका नाहीं. तो १८८२ च्या ठाणें खंडांत धुंडावा लागतो, कारण तेव्हां कर्जत ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. पुढें भाई कोतवाल पडले तेंहि सिद्धगडीं, म्हणजे मुरबाडच्या हद्दींत. ज्या चळवळीचीं माणसें एका जिल्ह्याचीं आणि शेवट दुसऱ्यांत, तिचा वृत्तांत एकाच दप्तरावरून लिहिणें म्हणजे अर्धी पोथी वाचून टीका करणें होय. दुर्दैवानें हा प्रकार सर्रास आढळतो.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरान, १९१२, व्यवसाय वकिली, मृत्यु २ जानेवारी १९४३, सोबत हिराजी पाटील. येवढें प्रत्येक स्मरणिकेंत असतें, व बहुतेकींत येवढेंच असतें. पहांटेचा गोळीबार पानें भरून वर्णिला जातो. पण कोतवालांनीं गरीब कुळांकरितां धान्यकोठारें काढलीं, खेड्यापाड्यांत शाळा चालविल्या, हा भाग दोन ओळींत उरकतो. माझ्या मतें कारणमीमांसेचें मर्म येथेंच आहे. पावसाळ्यांत सावकाराच्या दारीं न जातां ज्याला भात मिळालें, तोच माणूस पुढें आझाद दस्त्याला भाकर पोंचवील; नुसत्या व्याख्यानानें डोंगरांत कोणी कोणाला लपवीत नाहीं.

दस्त्यानें विजेचे मनोरे पाडले, ते कां, हेंहि या भूमीवरून कळतें. खोपोलीचें वीजगृह १९१५ चें, भिवपुरीचें १९२२ चें. दोन्ही टाटांचीं, व मुंबईच्या गिरण्या त्या तारांवर अवलंबून. घाटमाथ्यावर त्याच टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ त मुळशीचा सत्याग्रह झाला होता. यावरून दोहोंचा हेतु एक होता असें कोणी म्हणूं नये. तथापि दोन्ही प्रकरणें शेजारीं ठेवून वाचलीं पाहिजेत, तीं कोणी ठेवीत नाहीं.

शब्दांचाहि घोटाळा आहे. १८४८ त ठाण्यास फांशीं गेलेला राघोजी भांगरे, किंवा १८७९ त पळस्प्यावर चालून आलेला दौलतराव नाईक, यांच्या नांवापुढें सरकारी लेखणी ‘दरोडेखोर’ लिहिते. आमचे लेखक तो शब्द खोडून ‘क्रांतिकारक’ लिहितात आणि साधनाची परीक्षा झाली असें समजतात. वास्तविक पळस्प्याची लूट रूपानें दरोडा होती, व शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाला द्रव्य हवें म्हणून झाली होती. दोन्ही विधानें एकदम खरीं आहेत.

आतां संग्राहकांविषयीं. १८१८ पूर्वींचा मोडी कागद, मग तो घोड्याच्या दाण्याचा हिशेब कां असेना, आपण रेशमी रुमालांत बांधतों. परंतु याच जिल्ह्यांत चरीचा शेतकरी संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं जमिनी ओसाड ठेवल्या. त्या काळच्या कबुलायती, खंडाच्या पावत्या, १९४२ चीं चोरून छापलेलीं पत्रकें मात्र रद्दींत जातात. कागद जुना नाहीं हें कारण संशोधकाला शोभत नाहीं.

ज्यांच्या माळ्यावर अशा सावकारी वह्या किंवा कोठारांचे हिशेब असतील त्यांनीं मूळ द्यावयाचें नसल्यास निदान मिति, गांव, कुळाचें नांव व भाताचें माप येवढें उतरून मंडळाकडे पाठवावें. नेरळ, कर्जत व खालापूर या बाजारगांवांपासून आरंभ करावा.