खिशातला सूर्य किती वॉटचा?

बाजारात ‘सोलर पॉवर बँक’ या नावाने एक वस्तू मिळते. आकार मोबाईल फोनपेक्षा थोडा जाड, पाठीवर काळसर सौर घटांची पट्टी, आत लिथियम-आयन विद्युतघट. उन्हात ठेवा आणि फोन फुकट चार्ज करा, असा तिचा प्रचार असतो. शालेय विज्ञान प्रदर्शनांतही हिची भावंडे नित्यनेमाने हजेरी लावतात. कधी फोनच्या कव्हरला चिकटवलेली सौर पट्टी, कधी टोपीवर, कधी दप्तरावर. शेजारच्या तक्त्यावर ‘प्रदूषणमुक्त’, ‘अक्षय’ आणि ‘विनामूल्य’ हे तीन शब्द ठरलेले. या वस्तूविषयी आणि या प्रतिकृतींविषयी आमची तक्रार एकच आहे. तिथे सगळे सांगितलेले असते, फक्त ‘किती?’ तेवढे सांगितलेले नसते.

तो हिशेब आठवीचा विद्यार्थीही करू शकेल. समजा, पॉवर बँकेवर २०,००० मिलिअँपिअर-तास असे छापले आहे. हे ऊर्जेचे एकक नव्हे. ऊर्जा काढण्यासाठी त्याला विभवांतराने गुणावे लागते. आतील घटाचे विभवांतर ३.७ व्होल्ट धरले, तर साठणारी ऊर्जा ७४ वॉट-तास होते. आता पाठीवरची पट्टी मोजू. १४ सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम एक शतांश चौरस मीटर. निरभ्र दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,००० वॉट इतके प्रारण पडते. आपल्या पट्टीच्या वाट्याला त्यातले १० वॉट येतात. चांगल्या सिलिकॉन घटांची कार्यक्षमता सुमारे २० टक्के असते, म्हणजे हाती लागले २ वॉट. कडेची चौकट आणि घटांमधल्या फटी वजा केल्या की दीड वॉट.

महाराष्ट्रात दिवसभराच्या उन्हाची बेरीज ही पूर्ण प्रखर उन्हाच्या सुमारे पाच तासांएवढी भरते. त्यामुळे दिवसाला मिळाले साडेसात वॉट-तास. घटात साठवताना होणारी गळती धरली तर सहा. ७४ भागिले ६ म्हणजे बारा दिवस! तेही पट्टी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्या उन्हात, सूर्याकडे वळवून ठेवली तर. पावसाळ्यात हा हिशेब मांडण्यातही अर्थ नाही.

येथे कोणी म्हणेल की आम्ही सौर घटांच्या विरोधात आहोत. तसे नाही. सौर घट आणि लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांची जोडी फार जुनी आणि यशस्वी आहे. बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सिलिकॉनचा उपयुक्त सौर घट जगापुढे आणला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. चारच वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, व्हॅन्गार्ड-१ हा छोटा उपग्रह सौर घट घेऊन अवकाशात गेला. त्याच्यातला रासायनिक विद्युतघटावरचा प्रेषक त्याच वर्षी थांबला. सौर घटांवरचा प्रेषक १९६४ पर्यंत बोलत राहिला. पण त्याची शक्ती होती सुमारे पाच मिलिवॉट! खिशातला सौर कॅल्क्युलेटर तर याहूनही काटकसरी असतो, म्हणून तो वर्गातल्या ट्यूबलाइटवरही चालतो. गरज लहान असली तर लहान पट्टी पुरते. फोनची गरज मात्र वॉटमध्ये मोजावी लागते, आणि कॅल्क्युलेटरचा अनुभव तिथे उपयोगी पडत नाही.

सॅमसंग कंपनीने २००९ मध्ये ‘सोलर गुरू’ हा साधा फोन भारतात आणला होता. त्याच्या पाठीवर सौर पट्टी होती. तासभर उन्हात ठेवल्यास पाच ते दहा मिनिटे बोलता येईल, असे कंपनीने स्वतःच सांगितले होते. आम्हाला हे विधान आवडते. आकडा लहान असेल, पण तो दिलेला आहे; घ्यायचे की नाही ते ग्राहकाने ठरवावे.

पॉवर बँकेच्या रचनेतच आणखी एक विसंगती आहे, आणि ती आम्हाला आकारमानाच्या प्रश्नाहून गंभीर वाटते. सौर पट्टीला कडक ऊन हवे, तर लिथियम-आयन घटाला सावली. असा घट साधारणपणे ४५ अंश सेल्सिअसच्या वर असताना चार्ज करू नये. काळ्या प्लॅस्टिकचा डबा एप्रिलच्या उन्हात हे तापमान सहज ओलांडतो. घटाचे आयुष्य घटते आणि धोका वाढतो. इकडे पट्टीचेही नुकसान होतेच, कारण २५ अंशांच्या वर दर अंशाला सिलिकॉन घटाची शक्ती सुमारे ०.४ टक्क्यांनी कमी होते. पट्टी ६० अंशांवर गेली की सातवा हिस्सा गेलाच म्हणून समजा. दोघांना एका डबीत कोंडणे म्हणजे पापड आणि लोणी एकाच ताटात उन्हात ठेवण्यासारखे आहे.

शाळांतल्या प्रतिकृतींचा दोष वेगळा. तिथे पुरावा म्हणून व्होल्टमीटर जोडलेला असतो. काटा पाच व्होल्टवर गेला की विद्यार्थी म्हणतात, फोन चार्ज होणार. परीक्षकही मान डोलावतात. परंतु काही जोडलेले नसताना सौर घटाचे विभवांतर प्रकाशावर फारसे अवलंबून नसते. प्रकाश शंभरपट कमी झाला तरी ते साधारण एक-पंचमांश ते एक-चतुर्थांशच उतरते. विद्युतप्रवाह मात्र प्रकाशाच्या प्रमाणात, म्हणजे शंभरपट उतरतो. पॉवर बँकेवरचा हिरवा दिवा खोलीतही लुकलुकतो, त्यावरून चार्जिंग चालू असल्याचा भास होतो तो याचमुळे. तो दिवा पेटायला एखादा मिलिअँपिअर पुरतो.

‘वीज वाचते’ हा दावाही तपासून घ्यावा. आजच्या फोनचा घट सुमारे १९ वॉट-तासांचा. रोज पूर्ण चार्ज केला आणि गळतीसह २५ वॉट-तास धरले, तरी वर्षाला नऊ युनिट लागतात. बिलात शंभर रुपयांचाही फरक पडत नाही. ज्याच्या घरात तारेची वीज आहे, त्याने पंख्याचे एक बटण वेळेवर बंद केले तर यापेक्षा जास्त वाचेल. मात्र जिथे वीज पोचत नाही किंवा दिवस-दिवस जाते, तिथे हाच फोन बाजारभाव, दवाखाना आणि गावाकडची माणसे यांच्याशी असलेला एकमेव दुवा असतो. मेंढरांमागे मैलोगणती फिरणाऱ्या धनगराच्या तळावर सौर पट्टीला खरी किंमत आहे. त्याला खिशातले खेळणे न देता १० वॉटची सुटी पट्टी द्यावी. साधारण २२ सेंटिमीटर बाजूचा चौरस, म्हणजे दोन वह्या शेजारी ठेवल्या एवढाच. पट्टी उन्हात, तार झोपडीत, आणि विद्युतघट सावलीत. स्वच्छ उन्हात दोन-तीन तासांत फोन पूर्ण भरतो.

प्रदर्शनाची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांनी व्होल्टमीटर बाजूला ठेवून मुलांना अँमीटर द्यावा. बागेतल्या सौर दिव्याची जुनी पट्टी चालेल. तिची दोन टोके सरळ अँमीटरला जोडावीत (एवढ्या लहान पट्टीला असे जोडल्याने इजा होत नाही). मग उन्हात, झाडाच्या सावलीत, खिडकीशी आणि ट्यूबलाइटखाली प्रवाहाची नोंद करावी. पट्टी आडवी ठेवून आणि सूर्याकडे वळवून काय फरक पडतो तेही पाहावे. शेवटी भर उन्हात फक्त एक घट झाकेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा पट्टीवर ठेवावा आणि आकडा पुन्हा वाचायला सांगावा. घट एकापाठोपाठ एक जोडलेले का असतात, हा प्रश्न मग मुलेच विचारतील.