कोंबड्याही गातात त्या गावी

कझान शहराच्या पलीकडे किर्लाय नावाचे एक गाव आहे आणि त्या गावच्या कोंबड्यासुद्धा गातात. गबदुल्ला तुकाय या तातार कवीच्या ‘शुराले’ या कथाकाव्याचा प्रारंभ असा होतो. ऐकणारा हसतो आणि हसता हसताच गावात शिरतो. तातार भाषेत ‘गाते’ या अर्थाचे क्रियापद गावाच्या नावाशी नेमके यमक साधते, आणि चाल जुळावी म्हणून लोक असे म्हणतात हेही कवी तिथल्या तिथे सांगून टाकतो. युक्ती उघडी पडली की तिची गोडी ओसरते, असा आपला नेहमीचा अनुभव. इथे मात्र ती वाढते, कारण सांगणाऱ्याचा आवाज त्याच क्षणी आपल्या ओळखीचा होतो. गावकऱ्यांनी कौतुकाने पसरवलेली थाप तोही तितक्याच कौतुकाने पुढे करतो आहे, आणि त्या कौतुकात आपल्यालाही वाटेकरी करून घेतो आहे.

पुढच्याच ओळींत तो सांगतो की आपण काही तिथे जन्मलो नाही. थोडे दिवस राहिलो, थोडी माती उकरली, थोडे पेरले, थोडे कापले. हे ‘थोडे’ नीट ऐकले पाहिजे. तुकायचा जन्म २६ एप्रिल १८८६चा, कुशलाविच गावातला. तो काही महिन्यांचा असताना वडील गेले, चार वर्षांचा व्हायच्या आत आई गेली. आजोळी खाणारी तोंडे आधीच पुष्कळ. म्हणून पोराला एका गाडीवानाबरोबर कझानला धाडले, आणि तिथल्या गवतबाजारात ‘हे मूल कुणाला हवे आहे का?’ अशी हाक गाडीवानाने दिली. एका घराने त्याला उचलले, पण दोनेक वर्षांतच त्या घरानेही परत पाठवले. मग १८९२ साली किर्लायच्या सगदी नावाच्या शेतकऱ्याने, घरात मुलगा नाही म्हणून, त्याला नेले. सहाव्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंतचा तो काळ. तिथेच त्याला पहिल्यांदा कुणाचा तरी मुलगा होता आले. तिथेच तो शेतात राबला, मक्तबात अक्षरे शिकला. १८९५मध्ये आत्याने त्याला दूर उराल्स्कला बोलावून घेतले आणि किर्लाय सुटले. ‘शुराले’ लिहिले १९०७ साली, एकविसाव्या वर्षी. मधल्या बारा वर्षांत त्या चिमुकल्या गावावर किती साय धरली असेल, ते काव्याचा पूर्वार्ध वाचताना कळते.

कारण किर्लायमध्ये सगळे वेळच्या वेळी होते. वारा वेळेवर वाहतो, पाऊस वेळेवर पडतो, ऊन बेताचे, थंडी बेताची. रानात रासबेरी आणि स्ट्रॉबेरी इतक्या की डोळ्याचे पाते लवायच्या आत बादली भरावी. पाइन आणि फरची झाडे शिपायांसारखी रांगेत उभी, लिंडेन आणि बर्चच्या सावलीत आंबट पाला आणि अळंबी. मग पाखरे येतात, आणि कवी म्हणतो की शहरातले क्लब, नाचघर, सर्कस, वाद्यवृंद, नाटकगृह, जलसा हे सारे इथेच आहे. तुकाय कझानसारख्या मोठ्या शहराच्या उंबरठ्यावर उभा असताना, त्याच वर्षी, हे लिहितो आहे. शहराच्या सगळ्या नव्या नवलाईची नावे तो एकेक करून घेतो आणि ती रानाच्या ओंजळीत ठेवतो. खेड्यातून शहराकडे निघालेल्या माणसाने मागे वळून खेड्याला दिलेली ही भेट आहे असे मला वाटते.

आणि मग अगदी अवचित, याच रानात इतिहास उभा राहतो. रान समुद्रासारखे अफाट, चंगेजखानाच्या सैन्यासारखे अगणित, असे म्हणता म्हणता कवीला पूर्वजांची नावे आठवतात, त्यांची राज्ये आठवतात, डोळ्यांपुढे जणू रंगभूमीचा पडदा सरकतो आणि त्याच्या तोंडून एक सुस्कारा निघतो: मग आपण असे का? आपणही त्याच परमेश्वराची लेकरे ना? १५५२ साली इव्हान चौथ्याने कझानची खानशाही जिंकली. तातारांना तटाबाहेर वस्ती करावी लागली. तटाआडच्या शहराची आठवण घेऊन पिढ्यामागून पिढ्या गेल्या. १९०५च्या क्रांतीनंतर कुठे तातार भाषेत वर्तमानपत्रे निघू लागली, छापखाने गजबजले, आणि साडेतीनशे वर्षांचा कोंडलेला श्वास एकदम मोकळा झाला. त्या सगळ्या काळाचा भार तुकायने एका सुस्काऱ्यात पेलला आहे. आपल्याकडे ‘तातार’ म्हटले की टापांची धूळ आणि तलवारींचा खणखणाट एवढेच मनात येते. त्या घोडदळाच्या वारसांपैकी एकजण रासबेरीच्या जाळीत उभा राहून स्वतःच्या लोकांविषयी इतक्या हळव्या स्वरात विचारतो, हे ऐकल्यावर ते जुने चित्र पुन्हा पूर्वीसारखे दिसत नाही.

सुस्कारा मात्र लांबत नाही. उन्हाळ्याचे लिहिले, हिवाळा, शरद, लालबुंद गालांच्या नि काळ्याभोर डोळ्यांच्या मुली, जत्रा, पेरणी उरकल्यावरचा साबांतुय हा सण, हे काहीच आता लिहीत नाही, असे म्हणत तो सारे लिहून मोकळा होतो आणि मग दचकतो: वर नाव तर आपण ‘शुराले’ घातले आहे! कथेकऱ्याने वाट सोडावी, श्रोत्यांनी ती सोडू द्यावी आणि त्यानेच हसत परत यावे, यातली लज्जत मला मूळ गोष्टीहूनही अधिक वाटते. रान आपल्या अंगावर पुरते पसरल्यावाचून शुराले हे रानातले भूत बाहेर येऊन चालणारच नव्हते.

या सगळ्याला तोलून धरते ती लय. तुकायने हे काव्य अरबी-फारसी छंदशास्त्रातल्या ‘रमल’ या वृत्तात रचले. त्याची लगावली मांडून पाहिली की मराठी गझल ऐकणारा कान टवकारला जातो: गालगागा गालगागा गालगागा गालगा. ही तर आपली देवप्रिया! फारशीच्या एकाच झऱ्याचे पाणी एका वाटेने व्होल्गाकाठी पोचले आणि दुसऱ्या वाटेने माधव जूलियनांच्या हातून मराठीत आले. तातारचा एक शब्दही कळत नसला तरी ‘शुराले’ मोठ्याने वाचले जात असताना आपण ठेका धरू शकतो, आणि पंधरा अक्षरांच्या त्या डौलदार झोक्यावर कोंबड्या, अळंबी, चंगेजखान आणि भूत एकाच ऐटीत झुलताना अनुभवू शकतो. दरबारी वृत्ताने लोककथेला असे कडेवर घेणे ही तुकायची मोठीच कमाई. पुश्किन आणि लेर्मोन्तोव यांनी खेड्यातल्या कथा घेतल्या, त्यांच्या मागोमाग आपणही जातो आहोत, अशी कृतज्ञ नोंद त्याने काव्याला जोडली आहे.

आता ती रात्र. चांदणे पडले आहे, हवेत गारवा आहे, एक तरुण घोडा घेऊन लाकडाला गेला आहे आणि कुऱ्हाडीचा टक् टक् आवाज घुमतो आहे. तेवढ्यात एक किंकाळी. समोर जे उभे राहते त्याचे वर्णन तुकाय घाई न करता करतो. नाक गळासारखे वाकडे, हातपाय झाडाच्या फांद्यांसारखे वेडेवाकडे, खोल गेलेले डोळे लकाकणारे, कपाळावर मधल्या बोटाएवढे एक शिंग. सगळे वाकडे आहे. बोटे तेवढी सरळ! अगदी सरळ, पण प्रत्येक बोट अर्ध्या अर्शिनाहून, म्हणजे दीड वितीहून लांब. चित्रकाराने अंधारात एकाच ठिकाणी उजेड पाडावा तशी ही बोटे आपल्यापुढे ठेवली जातात, आणि पुढची सगळी गोष्ट त्या बोटांवरच उभी राहते.

शुराले क्रूर आहे का? एकट्यादुकट्या माणसाला गाठून गुदगुल्या करून मारायची, ही त्याची रीत. पण आपण चोर नाही, वाटमारे नाही असा भरवसा तो आधी देतो आणि खेळायला गडी मिळाला म्हणून हरखून जातो. त्याच्या क्रौर्यात पोरपणा आहे आणि पोरपणात क्रौर्य आहे. तरुण म्हणतो, खेळू, पण आधी हा ओंडका गाडीवर चढवायला हात लाव. पाचर मारून उघडलेल्या त्याच्या चिरेत बोटे घाल. शुराले भाबडेपणाने ती सुंदर, सरळ बोटे चिरेत घालतो. कुऱ्हाडीचे टोले हळूहळू पाचरीवर पडू लागतात. इथे तुकायची ओळ अशी संथ होते की पाचर आपल्यालाच सैल होताना दिसते. ती निसटते आणि लाकूड मिटते.

तातारांची गावे पांगली, तशी ही रात्रही पांगली. निज्नी नोवगोरोदकडच्या गावांतून मिशार तातार व्यापारी कापड आणि फर विकत फिनलंडला गेले. तिथे १९२५मध्ये त्यांनी आपली जमात नोंदवली आणि मोजक्या शे-दोनशे घरांनी भाषा जपली. क्रांती आणि यादवीच्या धुमाळीत काहीजण सायबेरियातून हार्बिनला, तिथून जपानला पोचले. कोबेची मशीद १९३५मध्ये उभी राहिली ती त्यांच्या आणि हिंदी व्यापाऱ्यांच्या साह्याने. महायुद्धानंतर त्यांतले पुष्कळ तुर्कस्तानला आणि अमेरिकेला गेले. खुद्द रशियात २०१०च्या जनगणनेत ५३ लाखांहून अधिक तातार मोजले गेले, त्यांपैकी तातारस्तानात राहणारे सुमारे २० लाखच. लिपी तर मायदेशीच दोनदा बदलली: अरबीतून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस लॅटिनमध्ये, तिथून १९३९मध्ये सिरिलिकमध्ये. आजोबांची वही नातवाला वाचता येऊ नये, असा तो काळ. अशा लोकांना तोंडी सांगता येईल, लिपीवाचून कळेल आणि पोराला गुदगुल्या करत करत रंगवता येईल, अशी गोष्ट किती मोलाची वाटली असेल! आपले नसलेले गाव ‘थोडे’ राहून आपलेसे करण्याची कला ज्याने या काव्याच्या आरंभीच दाखवली, तो कवी या पांगलेल्या माणसांना जवळचा वाटावा यात नवल नाही.

कझानच्या मेट्रोत तुकायच्या नावाचे स्थानक आहे आणि त्याच्या गोष्टी तिथे भिंतीवरच्या मोझेकमध्ये उतरल्या आहेत. फरीद यारुल्लिन या तरुण संगीतकाराने ‘शुराले’चा बॅले रचला, तो स्वतः १९४३मध्ये युद्धात पडला आणि बॅले १२ मार्च १९४५ रोजी कझानमध्ये रंगमंचावर आला. त्यात पंख हरवलेली पक्षिकन्या आहे, तिच्यासाठी झुंजणारा वीर आहे, पेटते रान आहे. संगीत देखणे आहे. तरी तुकायच्या काव्यातला हसरा कवडसा त्या भव्यतेत मला सापडत नाही.

तो कवडसा आहे शेवटच्या प्रसंगात. अडकलेला शुराले गयावया करतो. तुला, तुझ्या मुलाला, तुझ्या वंशाला कधी शिवणार नाही म्हणतो. आणि शेवटी निदान नाव तरी सांग अशी विनवणी करतो. तरुण म्हणतो, माझे नाव गुदस्ता, म्हणजे गेल्या वर्षी. सकाळी रानातले सारे शुराले जमतात. ‘कोकलतोस का?’ ‘गुदस्ता चिमटले!’ आणि हशा पिकतो: गुदस्ता चिमटले तर यंदा कसला ओरडतोस?

होमरचा ओडिसियस एकाक्ष राक्षसाला आपले नाव ‘कुणीच नाही’ असे सांगून निसटतो, हे आपल्याला आठवते. तो शून्यात लपला. किर्लायचा हा पोरगा काळात लपला, आणि मला ही लपण्याची जागा अधिक खोल वाटते. घटकाभरापूर्वी याच रानात कवीने गतकाळाचा पडदा सरकवून सुस्कारा टाकला होता. आता तोच गतकाळ ओंडक्याच्या चिरेसारखा मिटला आहे, बोटे सोडत नाही, आणि भोवतीचे भाऊबंद म्हणतात की जुन्या दुखण्याला आज कोण रडते! तुकाय यांपैकी कुणाचीच बाजू घेत नाही. हसणाऱ्यांचे हसू खरे आहे, चिमटलेल्याची कळही खरी आहे, आणि दोन्ही एकाच ओळीत वाजतात. काव्य पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या तरुणाचे खरे नाव कवीने कुठेच दिलेले नाही. घोडा त्याचा, गाडी त्याची, कुऱ्हाड त्याची. पण गावाचे, भुताचे नाव अगत्याने सांगणाऱ्या या काव्यात त्याच्या वाट्याला आले आहे ते ‘गुदस्ता’ एवढेच नाव.