जलविमान आणि त्याचीं भावंडें

‘सीप्लेन’ या शब्दासाठीं वृत्तपत्रांतून ‘सागरी विमान’ असा प्रतिशब्द आढळतो. तो आम्हांस सदोष वाटतो. कारण त्यांत भाषांतर झालें आहे तें इंग्रजी शब्दाचें, वस्तूचें नव्हे. १९१० सालीं फ्रान्समध्यें आंरी फाब्र यानें पाण्यावरून पहिलें विमान उडविलें, तें एका खाऱ्या सरोवरावरून. २०२० सालीं अहमदाबादेहून केवडियास असें विमान गेलें, तें साबरमतीच्या पात्रांतून. सागर कोठेंच नाहीं! तेव्हां ‘जलविमान’ हाच शब्द ग्राह्य होय.

परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. एका जातीस चाकांच्या जागीं पोकळ तराफे असतात. दुसरीचें पोटच होडीसारखें पाण्यांत बसतें. तिसरी पाणी व जमीन या दोहोंवर उतरते. इंग्रजींत या तिहींस निराळीं नांवें आहेत. आपणही ‘तराफा-विमान’, ‘उडती नौका’ आणि ‘उभयचर विमान’ असें कां म्हणूं नये? शब्द रांगडे वाटतील, पण ते ऐकतांच वस्तु डोळ्यांपुढें उभी राहते. मराठींतून शास्त्र शिकणाऱ्या मुलास एवढा आधार न मिळाला, तर त्यानें इंग्रजीची वाट धरल्यास दोष त्याचा नव्हे.