नवव्या ग्रहाचे तुकडे

कन्नड तालुक्यांतील पिशोर या गांवीं गेल्या हिवाळ्यांत एका व्याख्यानाच्या निमित्तानें आम्हांस जाण्याचा योग आला. व्याख्यान गौण होतें. त्यानंतर पालक व शिक्षक यांच्यासाठीं 'तारे जमीन पर' हा हिंदी चित्रपट दाखविण्यांत यावयाचा होता, आणि तो संपल्यावर आम्हीं त्यावर चार शब्द बोलावेत असा मंडळींचा आग्रह होता. २००७ सालच्या डिसेंबरांत प्रकाशित झालेला हा चित्रपट आम्हीं पूर्वीं दोनदां पाहिला होता, व दोन्ही वेळां इतरांप्रमाणें आमचेही डोळे पाणावले होते. तेव्हां बोलणें सोपें जाईल अशी आमची समजूत होती. ती मागच्या रांगेंत बसलेल्या एका शेतकरी गृहस्थांनीं मोडली. ते उठून म्हणाले, "सर, त्या पोराला चित्रं काढता येत होती म्हणून त्याचं निभावलं. माझ्या पोराला धड वाचता येत नाही अन् चित्रंही येत नाहीत. त्याला यान उडवायचंय. त्याचं काय?"

आम्हीं जें उत्तर दिलें तें येथें सांगण्याच्या योग्यतेचें नाहीं. परंतु घरीं परतल्यावर तो चित्रपट आम्हीं तिसऱ्यांदां, या वेळीं डोळे कोरडे ठेवून, पाहिला; आणि त्या गृहस्थांनीं एका वाक्यांत जी टीका केली ती आमच्या सर्व रसग्रहणाहून अधिक मर्मग्राही होती असें आमच्या ध्यानांत आलें.

कथानक बहुतेकांस ठाऊकच आहे. ईशान अवस्थी हा आठ वर्षांचा मुंबईचा मुलगा. अक्षरें त्याच्या डोळ्यांपुढें नाचूं लागतात, बेरजा जुळत नाहींत. वडील त्यास आळशी ठरवून पांचगणीच्या वसतिगृहांत टाकतात, आणि तेथें निकुंभ नांवाचे चित्रकलेचे शिक्षक त्याची व्यथा ओळखतात. श्री. अमोल गुप्ते यांचें लेखन व श्री. आमीर खान यांचें दिग्दर्शन यांनीं या चित्रपटाकरवीं एक मोठें कार्य केलें, यांत शंका नाहीं. 'ढ' हें एकच अक्षर ज्या मुलांच्या कपाळीं आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलों, त्यांच्या अवस्थेस 'डिस्लेक्सिया' असें नांव आहे, व तो बुद्धीचा अभाव नव्हे, हें मध्यमवर्गीय घरांत प्रथम पोंचविलें तें याच चित्रपटानें. वास्तविक प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानें चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाच्या 'शब्दांधत्वा'चें वर्णन १८९६ सालींच प्रसिद्ध केलें होतें! वैद्यकाच्या पानांतून आपल्या माजघरांत येण्यास त्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

आतां त्या चित्रपटांतील एक प्रसंग पाहूं. गणिताच्या परीक्षेंत ईशानपुढें 'तीन गुणिलें नऊ' हा प्रश्न येतो. तो यानाचा कप्तान होतो. सूर्यापासून तिसरा ग्रह जी पृथ्वी, तिला ओढीत नवव्या ग्रहापर्यंत, म्हणजे प्लुटोपर्यंत, नेतो. दोहोंची टक्कर होते, प्लुटो नाहींसा होतो, पृथ्वी उरते. म्हणून उत्तर तीन. (चित्रपट येण्यापूर्वीं, २००६ सालीं, ज्योतिर्विदांनींही प्लुटोस ग्रहमालिकेंतून काढून टाकलें होतें, ही एक मौजच.) प्रेक्षक हंसतात. परंतु हा मुलगा गुणाकारास एक भौतिक घटना समजत आहे. संख्या म्हणजे वस्तु, क्रिया म्हणजे आघात, उत्तर म्हणजे अवशेष! पुढें तळ्याकांठच्या प्रसंगांत हाच मुलगा टाकाऊ वस्तु जोडून स्वतः चालणारी एक चिमुकली नौका पाण्यांत सोडतो. म्हणजे लेखकानें आपल्यासमोर कोण उभा केला? एक यंत्रज्ञ, एक खगोलप्रेमी. शास्त्रज्ञाचा कोंवळा अंकुर. आणि शेवटीं त्यास बक्षीस कशाचें मिळतें? चित्रकलेच्या स्पर्धेचें.

आमचा आक्षेप येथें आहे. चित्रकला कमी प्रतीची असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं, आणि ईशानचा हात पहिल्यापासून रंगांत रमलेला आहे हेंही खरें. पण कथेनें नौका व ग्रह यांस वाटेंत सोडून दिलें तें सोयीसाठीं. चित्राला शुद्धलेखन लागत नाहीं. विज्ञानाची वाट पाठ्यपुस्तकांतून, सूत्रांतून, परीक्षांतून जाते. तेथें या मुलाचें काय होईल हें दाखविणें कठीण होतें. वाळूंत अक्षरें गिरविणें, मातीचे आकार करणें, पायऱ्यांवर उड्या मारीत बेरजा करणें, असा जो खरा उपचार, तो या चित्रपटानें एका गाण्याच्या अवधींत उरकला आहे. प्रत्यक्षांत त्याला वर्षें लागतात.

त्या पोकळ जागेंत मग थोरांच्या नांवांची माळ येते. निकुंभ वर्गास आइन्स्टाइन, लिओनार्दो, एडिसन यांच्या कथा सांगतात. मुलांच्या चरित्रपुस्तकांतूनही ही माळ आपण ओढीतच असतों. पण आइन्स्टाइनास डिस्लेक्सिया होता यास भक्कम आधार नाहीं. १८९५ सालीं झुरिचच्या प्रवेशपरीक्षेंत तो अनुत्तीर्ण झाला हें खरें. परंतु नेहमींच्या वयापेक्षां तो दोन वर्षांनीं लहान होता, आणि गणित व पदार्थविज्ञान यांत त्याची तयारी उत्तम होती. लिओनार्दो उलट्या हातानें आरशांतल्यासारखें लिही, तेवढ्यावरून रोगनिदान होत नाहीं. एडिसन तर लहानपणीं पुस्तकें अधाशासारखा वाची. उसन्या देवांच्या पायांवर मुलाला घालण्यांत धोका असा कीं, उद्यां तो थोडा मोठा होऊन खरा वृत्तांत वाचील, आणि आपल्यासारखा कोणीच नव्हता असें त्यास वाटेल.

आणि उसनवारीची गरजही नाहीं. कॅरोल ग्रायडर या अमेरिकन बाईंस लहानपणीं शब्दांचे उच्चार अक्षरांवरून जुळवितां येत नसत. त्यांनीं पाठांतराचा आधार घेतला. प्रवेशपरीक्षेंतील गुण कमी, म्हणून बहुतेक विद्यापीठांनीं त्यांस नाकारलें. ज्या थोडक्यांनीं दार उघडलें त्यांपैकीं बर्कली येथें त्या गेल्या, व १९८४ सालच्या नाताळच्या दिवशीं त्यांस 'टेलोमरेज' या द्रव्याचा पहिला पुरावा हातीं लागला. २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. २०१७ सालचे रसायनशास्त्राचे एक मानकरी झाक दुबोशे यांनीं आपल्या डिस्लेक्सियाची कथा थट्टेनें लिहून ठेविली आहे. आणि जॅक हॉर्नर! माँटाना विद्यापीठांत पुनःपुन्हां नापास होऊन पदवीवांचून बाहेर पडलेल्या या गृहस्थानें प्रचंड सरड्यांच्या प्राचीन घरट्यांचा अभ्यास करून ते आपल्या पिलांची जोपासना करीत हें दाखविलें. पुढें १९८६ सालीं त्याच विद्यापीठानें त्यांस सन्मान्य डॉक्टरेट दिली. या तिघांपैकीं कोणासही 'तूं चित्रें काढ' असें सांगून वाटेवरून बाजूस केलें नाहीं, किंवा केलें तर त्यांनीं तें ऐकलें नाहीं.

आपल्याकडे मात्र बाजूस करण्याची रीत दयेच्या पोटीं जन्मते. महाराष्ट्रानें १९९६ सालीं अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेंत सवलती दिल्या, हें भूषणावह आहे. २०१६ सालच्या केंद्रीय कायद्यानेंही अध्ययन-अक्षमतेस अपंगत्वाच्या यादींत स्थान दिलें. अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, या सवलती मुलाला त्याच्याच वाटेवर चालण्यास काठी देतात. परंतु बीजगणित व भूमिती यांच्याऐवजीं सातवीच्या तोडीचें अंकगणित घेण्याची जी एक सवलत दिली गेली, ती निराळ्या जातीची. उत्तीर्ण होण्याची ज्याची भ्रांत, त्यास ती वरदान खरेंच. पण ज्यास यान उडवावयाचें आहे त्याच्या हातून भूमिती काढून घेतली, तर त्याचें आकाशच काढून घेतलें. चित्रपटानें नौकेच्या जागीं कुंचला दिला, तसेंच हें.

आणखी एक गोष्ट पिशोरच्या शिक्षकांनीं आमच्या निदर्शनास आणली. ईशानचा घोटाळा रोमन अक्षरांचा आहे. आमचीं मुलें 'घ' व 'ध', 'भ' व 'म' यांत अडकतात. वेलांटी कोणत्या बाजूस वळते हें विसरतात. आणि जोडाक्षरापुढें तर त्यांचें घोडें बसतेंच. आमच्या पंडितांनीं विज्ञानाची परिभाषा घडविली ती 'गुरुत्वाकर्षण', 'प्रकाशसंश्लेषण' अशी! झाड ऊन खातें हें ज्या मुलास शेताच्या बांधावर कळलें आहे, तें मूल त्या शब्दाच्या उंबरठ्यावर अडखळतें, आणि आम्ही समजतों कीं त्यास विज्ञान कळत नाहीं. या संस्कृत परिभाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांत आम्हीही होतों, हें कबूल केलें पाहिजे.

वास्तविक पिशोरच्या मंडळींस दूर जावयास नको. गौताळ्याचे डोंगर ओलांडले कीं चाळीसगांवच्या बाजूस पाटण लागतें. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्यापन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें तेथें मठ स्थापिल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. 'लीलावती' पद्यांत आहे. ती कानानें ऐकावी, मुखोद्गत करावी, मग उदाहरण सोडवावें, अशी ती विद्या. ग्रायडर बाईंनीं जो पाठांतराचा मार्ग धरला तो त्या मठांत राजमार्गच ठरला असता.

त्या रात्रीं सभा संपून मंडळी पांगूं लागलीं, तेव्हां ते गृहस्थ मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा सातवींतला, अबोल. बापानें दोनदां ढोसल्यावर तो म्हणाला, "प्लुटो फुटला तर त्याचे तुकडे कुठं जातील? पृथ्वीभोवती फिरतील का सूर्याभोवती?" आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक, आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. विज्ञानाचे तरुण शिक्षक सतरंज्या गुंडाळीत होते. ते थांबले, कोपऱ्यांतला खडू उचलून फळ्याकडे गेले व म्हणाले, "आधी सांग, टक्कर किती वेगानं झाली?"