दोन जामीनदार

बँकेत कर्ज काढायचं तर जामीनदार लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हसायलाही लागतात, हे मात्र कुठल्याच फॉर्मवर छापलेलं नसतं. एकटा माणूस आरामखुर्चीत विनोदी पुस्तक वाचत असला, तर फार तर त्याच्या ओठाचा एक कोपरा हलतो. तेच वाक्य भरलेल्या नाट्यगृहात आलं, की तोच माणूस शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून हसतो. शेजारी ओळखीचा असलाच पाहिजे असं नाही.

हे मी पदरचं सांगत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून चारचौघांतल्या हसण्याच्या सुमारे १,२०० नोंदी केल्या. (एवढ्या नोंदी आमच्याकडे मार्चअखेरीला एका दुपारी होतात, पण त्यांत हसण्यासारखं काही नसतं.) निष्कर्ष काय, तर हशाच्या आधीचं वाक्य बहुतेक वेळा विनोदी नव्हतंच. ‘बरंय, भेटू पुन्हा’ असल्या धर्तीच्या बोलण्यावर मंडळी हसत होती. शिवाय एकट्याने असताना माणूस जेवढा हसतो, त्याच्या साधारण ३० पट तो सोबतीत हसतो म्हणे. तीसपट! आमच्या कुठल्याही ठेवयोजनेत एवढी वाढ नाही.

धंदेवाईक लोकांना हे प्राध्यापकांच्या फार आधी कळलं होतं. पॅरिसमध्ये १८२० साली नाटकांना यश मिळवून देणारी चक्क एक कचेरीच निघाली. टाळ्या वाजवणारे, हुंदके देणारे आणि ऐन वेळी खो खो हसणारे, असे सगळे पगारी प्रेक्षक तिथं मिळत. पुढे १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने माणसंही काढून टाकली आणि हशाची पेटीच बनवली. टाइपरायटरसारख्या कळा. ही दाबली की खुसखुस, ती दाबली की गडगडाट. पेटीला तो कुलूप लावी. आमचे कॅशियर तिजोरीला लावतात तसं.

या पेटीवरून एकदा फार मजेचा वाद झाला. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची ‘मॅश’ ही मालिका १९७२ ते १९८३ अशी अमेरिकेत चालली. करणाऱ्यांना पेटीतला हशा नको होता, दाखवणाऱ्या कंपनीला हवा होता. शेवटी तडजोड झाली, ती अशी की शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हशा घालायचा नाही. आणि ब्रिटनमध्ये बीबीसीने ती दाखवली तेव्हा हशा काढूनच टाकला. म्हणजे टेबलावर जखमी माणूस पडला असताना हसू नये, एवढं पेटीवाल्यांनाही मान्य होतं.

आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांबद्दल माझी तक्रार नेमकी इथं आहे. विनोद झाला की कॅमेरा विनोद करणाऱ्यावर थांबत नाही, तो सोफ्यावरच्या पाहुण्यांकडे वळतो. पाहुणे हसत हसत कलंडतात, म्हणजे आपणही कलंडायचं. ही जिवंत पेटीच. आणि विनोद कशावर? कुणाचा काळा रंग, कुणाच्या बायकोचं वजन, पुरुषाने नेसलेलं लुगडं, अडखळणारी जीभ. इथं टेबलावरचा माणूस शुद्धीवर असतो, आणि त्यानेही हसायचं असतं. नाही हसला, तर ‘त्याला विनोदबुद्धी नाही’ हा शिक्का बसतो. मराठी माणूस एक वेळ खात्यात पैसे नाहीत हे कबूल करील, पण हे नाही करणार.

कचेरीत तर हशाचा विनिमय दर ठरलेला असतो. साहेबांचा विनोद दर्शनी किमतीला वटतो, तोही ताबडतोब. शिपायाचा विनोद मात्र क्लिअरिंगला जातो आणि बहुधा परत येतो. आमच्या शाखेत पूर्वी एक साहेब होते. आमचा एक सहकारी बोलताना अडखळतो. साहेब रोज सकाळी त्याची नक्कल करत. हॉल हसे, आणि सर्वांत मोठ्याने हसे तो स्वतः.

बी.कॉम.ला आम्हांला १८७२ चा करार कायदा होता. त्यातलं सोळावं कलम सांगतं, की एका पक्षाचा दुसऱ्यावर वरचष्मा असेल आणि त्याने त्याचा गैरफायदा घेतला असेल, तर तिथली संमती खरी संमती नव्हे. तो करार रद्द करून घेता येतो. दुर्दैवाने हसणं करारात बसत नाही. नाहीतर त्या सहकाऱ्याचं तीन वर्षांचं हसणं मी व्याजासकट परत मागितलं असतं.

मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब विनोद करत नाहीत. सहकारी तोच, त्याचं अडखळणंही तसंच. पण त्यावर आता कुणाला हसू येत नाही. मूळ जामीनदार गेला, कर्जही बुडालं. हल्ली जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःहून एखादा किस्सा सांगतो. त्याला जरा वेळ लागतो. आम्ही डबे उघडे ठेवून थांबतो. किस्से बरे असतात, दोन तर फारच चांगले होते.