चोवीस द्रम्मांची पूजा

मानखुर्दच्या शेजारचे माहुल म्हटले की आज तेलशुद्धीकरणाचे कारखाने आठवतात. बाराव्या शतकात तिथे वाड्या, म्हणजे झाडांच्या बागा, होत्या, आणि त्यातल्या एका वाडीचे उत्पन्न देवाच्या नावे लिहून दिलेले होते. परळला सापडलेला शके ११०९ चा (इ.स. ११८७) शिलालेख हेच सांगतो. त्यात महुली म्हणून आलेले गाव म्हणजे बहुधा आजचे माहुल.

मध्ययुगीन मंदिर बघायचे म्हणून आपण अंबरनाथला जातो. परळचा लेख कोरवणाऱ्या शिलाहार राजघराण्याच्याच काळातले, १०६० चे ते शिवालय देखणे आहे यात वाद नाही. पण मंदिर रोजच्या रोज चालायचे कसे, हे तिथल्या भिंतींवर कोरलेल्या सुरसुंदरी सांगत नाहीत. ते परळचा दगड सांगतो.

लेखाची सुरुवात थाटाची आहे. शिलाहार राजा दुसरा अपरादित्य, बिरुद महाराजाधिराज, कोंकणचक्रवर्ती. एवढा दरबार भरवून झाल्यावर आकडा येतो तो चोवीस द्रम्मांचा, म्हणजे त्या काळच्या चोवीस नाण्यांचा! मला या लेखाची गोडी वाटते ती इथेच. राजा गाव देत नाही, सोन्याचा कळस चढवत नाही. षट्षष्टीतल्या, म्हणजे साष्टीतल्या, महुली गावी अनंतपै प्रभू याच्या ताब्यात वाडी आहे. तिचे ठरलेले चोवीस द्रम्म, बाकीचे कर माफ करून, देवाकडे जावेत, एवढेच तो सांगतो. वाडी कसणाऱ्याकडेच राहते, फक्त पैशाची वाट बदलते.

आणि देव कुठला? दर्भावतीचा वैद्यनाथ. दर्भावती म्हणजे गुजरातेतले डभोई. माहुलच्या झाडांवर पिकलेला पैसा खाडी ओलांडून शेकडो मैल दूर पंचोपचाराला लागणार. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. दगडावर हा सगळा खर्च एका शब्दात उरकला आहे. पण फुलांमागे माळी येतो, दिव्यामागे तेली, नैवेद्यामागे मुदपाकखाना. देवळाला दारची वस्ती पोसते हे आपण गृहीत धरतो. इथे परक्या मुलखातली एक वाडी ते काम करते. तीर्थाची कीर्ती आणि व्यापाराची वाट हातात हात घालून चालत असणार, असे मला वाटते.

शेवटी मात्र लेख एकदम संस्कृत सोडतो. दान मोडणाऱ्याला द्यायची शिवी मराठीत आहे, आणि खाली गाढव व स्त्री कोरलेली आहेत. अशा शापाच्या दगडाला गधेगाळ म्हणतात. स्त्रीच्या विटंबनेची धमकी घालून पुण्य राखायचे, हे आज वाचवत नाही, आणि त्यावर रसिकतेचा मुलामा चढवण्यात अर्थही नाही. तरी लेखकाची व्यवहारबुद्धी कळते. राजाची बिरुदे पंडितांपुरती, धमकी वसुली करणाऱ्यालाही कळली पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र. दान मोडले जाईल ही भीतीही अनाठायी नव्हती. पुढच्या ऐंशीएक वर्षांत शिलाहारांचे राज्य यादवांकडे गेले, आणि महुलीच्या वाडीचा वसूल कोणाला द्यायचा हे ठरवणारे धनी बदलले.