चेटकीण कुठे गेली?

मराठी बालनाट्याच्या कुठल्याही प्रयोगाला जा, एक क्षण हमखास येतो. विदूषक किंवा प्रधानजी रंगमंचाच्या कडेला येतात, कपाळावर हात धरून विचारतात, “मुलांनो, चेटकीण कुठे गेली?” सगळं नाट्यगृह ओरडतं, “तिकडेऽऽ!” एखादं वात्रट कार्टं मुद्दाम उलटी दिशा दाखवतं. प्रधानजी मात्र ठरलेल्या विंगेतूनच बाहेर पडतात. या ओरडण्यात मजा आहे, ती मला कुणाची हिरावून घ्यायची नाही. पण मुलांना सामावून घेणारं नाटक म्हणून आपण जे मिरवतो, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नापाशीच अडलेलं आहे. मुलांना आवाज मिळाला आहे, त्या आवाजानं नाटकात काही बदलत नाही.

याला इतिहासही आहे. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या आणि 1959 मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधारानं त्यांनी ‘लिटल थिएटर’ उभं केलं. पहिलं नाटक होतं रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’. मुलांच्या नाटकाला शाळेच्या स्नेहसंमेलनातून बाहेर काढून खऱ्या नाट्यगृहात, खऱ्या नेपथ्यात आणि खऱ्या तिकिटावर आणणं हे त्या काळी धाडसच होतं. पुढे मतकरींनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली, ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ अशी एकाहून एक नाटकं दिली. मूल हा दुय्यम प्रेक्षक नाही, हे या दोघांनी मराठी माणसाच्या गळी उतरवलं. मात्र ज्या साच्यात हे घडलं तो मोठ्या प्रेक्षागृहाचा होता. वर उजेड, खाली अंधार, मध्ये दहा-पंधरा फुटांची खाई. शेकडो पोरं समोर असली की प्रश्न एकाच उत्तराचा विचारावा लागतो. दुसरं उत्तर आलं तर नटाची पंचाईत.

2018 मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनाखाली ‘अलबत्या गलबत्या’ परत आलं. दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चिंची चेटकीण आता वैभव मांगले करत होते, आणि कुटुंबंच्या कुटुंबं नाट्यगृहात लोटली. निर्मात्यांना त्यातून एक गोष्ट कळली, की चांगलं बालनाट्य चालतं. दुसरी गोष्ट कुणी फारशी मनावर घेतली नाही: इतक्या वर्षांनी आपल्याला जुनीच पेटी उघडावी लागली. नंतरच्या नाटकांपैकी क्षितिज पटवर्धन यांचं 2024 चं ‘आज्जीबाई जोरात’ विषयानं तरी आजचं होतं, मोबाइलमध्ये बुडालेलं मूल आणि हातातून निसटत चाललेली मराठी. झगमगाट मोठा, नटसंच तगडा. तरीही मूल खुर्चीतच बसून राहतं.

यातून वेगळी वाट पुण्यात निघाली होती, आणि ती फार लवकर निघाली होती. 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं बर्लिनचं ‘ग्रिप्स’ मराठीत आलं, ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ या नाटकानं. फोल्कर लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकातल्या बंडखोर बर्लिनमध्ये घडवलेली ही शैली. राजा नाही, परी नाही. भांडणारे आईबाप, खेळायला जागा न देणारे शेजारी, चिडके मास्तर, आणि मुलांची बाजू उघडपणे घेणारं नाटक. श्रीरंग गोडबोले यांनी ते मराठी घरात असं काही बसवलं की जर्मन मूळ शोधायला भिंग घ्यावं लागावं. पुढे विभावरी देशपांडे आणि इतरांनी ते चालू ठेवलं.

ग्रिप्समध्ये मुलांची कामं मोठी माणसं करतात, आणि खरी कसोटी तिथेच असते. वाईट नट बोबडं बोलतो, चड्डीचे पट्टे ओढतो, मान वाकडी करतो. चांगला नट यातलं काही करत नाही. पुण्यातल्या छोट्या नाट्यगृहात असा प्रयोग पाहताना दाढीचे खुंट दिसणारा नट आठ वर्षांचा होतो तो फक्त थांबण्याच्या पद्धतीवरून. मोठ्यांनी काही विचारलं की मूल लगेच उत्तर देत नाही, आधी समोरच्याचा चेहरा वाचतं, हे त्यानं बरोबर हेरलेलं असतं. प्रेक्षागृहातली पोरं हसतात आणि शेजारच्या बाबांकडे चोरून बघतात. मंचावरचा बाप हरत असतो आणि खुर्चीतल्या बापाला ते लेकरासमोर बघावं लागतं. माझ्या मते मराठीत खरं कौटुंबिक नाटक कुठलं असेल तर हे. संहिता बंदिस्त असूनही ते घरी जाऊन पुढे चालू राहतं. त्याची अडचण वेगळी आहे: प्रयोग थोडे आणि प्रेक्षक बहुतेक करून एकाच थरातला.

संहिताच उघडी ठेवणारा प्रकार इंग्लंडमध्ये 1965 मध्ये कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं सुरू केला. नट शाळेत जातात, एका वेळी एक-दोन वर्ग घेतात, मुलं कथेतली पात्रं होतात आणि पुढे काय करायचं ते ठरवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं 1989 मध्ये अशी स्वतंत्र मंडळी उभारली, बॅरी जॉन यांचा त्यात मोठा वाटा. याचं अर्थशास्त्र सरळ आहे: तीस मुलांच्या तिकिटावर चार नटांचं पोट भरत नाही, कुणाला तरी पदरमोड करावी लागते. आपल्याकडे ती पदरमोड सरकारनं स्पर्धांवर केली, शाळांनी स्नेहसंमेलनांवर. (दशावतारातला संकासुर मात्र जत्रेत पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या अनुदानाची वाट न बघता पहिल्या रांगेतल्या पोरांशी मालवणीत हुज्जत घालतो, आणि पोरानं जे म्हटलं त्यावरच त्याचं पुढचं वाक्य उभं राहतं. संवाद लिहिलेलेच नसतात ना.)

स्पर्धांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. राज्य बालनाट्य स्पर्धा असो की आंतरशालेय करंडक, त्यांनी गावोगावच्या मुलांना मंच दिला, हे मान्य. पण विषयांची यादी बघा: पर्यावरण, परीक्षेचा ताण, मोबाइल, शेतकऱ्याची आत्महत्या. बारा वर्षांची मुलगी निळ्या प्रकाशझोतात गुडघ्यावर बसून समाजाला जाब विचारते, आणि तिच्या तोंडची वाक्यं पंचेचाळीस वर्षांच्या शिक्षकाची असतात. परीक्षकांचे डोळे पाणावतात. उन्हाळी शिबिरांचंही तेच. शेवटच्या दिवशी पालकांना ‘काहीतरी दाखवायचं’ असतं, म्हणून खेळ पहिल्या आठवड्यातच गुंडाळला जातो आणि पाठांतर सुरू होतं.

याला छेद देणारी माणसं आहेत. शोभा भागवत यांनी 1985 पासून पुण्याच्या गरवारे बालभवनात खेळाला खेळ म्हणूनच जागा दिली. कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’नं दिव्यांग मुलांसोबत नाटक शिकण्याचं साधन म्हणून वापरलं. मतकरींनीही उतारवयात ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, जिथं वस्तीतली मुलं आपलंच जगणं नाटकात आणू लागली. ज्यानं चेटकिणी लिहिल्या त्यानंच अखेरीस लेखणी मुलांच्या हाती दिली, या घटनेची आपल्या समीक्षेनं पुरेशी दखल घेतलेली नाही.

मध्यंतरी एका शाळेच्या हॉलमध्ये असा उघड्या संहितेचा एक छोटा प्रयोग पाहिला. चार चादरी, काही खोकी, आणि राणी झालेली एक ताई. गावातली विहीर राक्षसानं अडवली आहे, काय करू या? मारा, पकडा, जाळा, अशी नेहमीची उत्तरं आली. ताई गप्प बसली, आणि तिचं ते गप्प बसणं मला फार कसबाचं वाटलं. मग एका मुलीनं विचारलं, “त्याच्या घरी नळ येतो का?” पुढचा अर्धा तास राक्षसाच्या घरी पाणी कसं न्यायचं यात गेला. चादरींची नळी झाली, खोक्यांची टाकी. भिंतीला टेकून बसलेली एक आई मात्र सारखी आपल्या मुलाला खुणावत होती, “बोल ना, तू पण सांग काहीतरी!” तो पोरगा तोवर चादरीखाली शिरून पाणी झाला होता.

पालकांना मुलांशेजारी बसवायचं तर त्यांनाही काम द्यावं लागेल, नाहीतर ते एक तर फोनवर चित्रीकरण करतात किंवा उत्तरं कानात सांगतात. आणि संस्थांनी जाहिरातीत निदान वय छापावं. तीन वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल एकाच गोष्टीला घाबरत नाहीत, एकाच गोष्टीला हसत नाहीत, तरी आपल्या पोस्टरवर सरसकट ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ असतं. राहिला प्रश्न जागेचा: महापालिकेच्या शाळांचे हॉल रविवारी कुलूपबंद असतात. चाळीस मुलं, दोन नट आणि सतरंजी एवढ्यावर तिथं खूप काही होऊ शकेल. भाडं परवडेल असं ठेवायचं की नाही, हे सांस्कृतिक खात्यानं नव्हे, महापालिकेनं ठरवायचं आहे, आणि तिच्याकडे ही मागणी घेऊन अजून कुठली नाट्यसंस्था गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.